जुन्या गाडीच्या बॉडीसाठी घरचं वेल्डिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारात पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, मारुती ८०० किंवा जुनी जीप उभी आहे, फ्लोअर आणि दाराखालचा भाग सडला आहे, आणि हे काम स्वतः शिकून करायचं आहे, अशांसाठी ही उत्तरं आहेत. पत्रा ०.७ ते १.२ मिमी जाडीचा, वीज सिंगल फेज आणि जागा म्हणजे अंगण किंवा शेड, असं गृहीत धरलं आहे.

मिग, आर्क, टिग की गॅस : पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

मिग, म्हणजे वायर आपोआप पुढे सरकवणारं मशीन. बॉडीच्या पत्र्यासाठी नवशिक्याने दुसरा विचार करू नये.

ग्रिल-गेटवाल्यांकडे दिसणारं रॉडचं आर्क मशीन स्वस्त असतं आणि कुठेही मिळतं. पण २ मिमीच्या रॉडनेही ०.८ मिमीचा पत्रा भोक न पाडता जोडायला मुरलेला हात लागतो. चॅसीचे ब्रॅकेट, जीपची फ्रेम अशा २ मिमी आणि त्याहून जाड कामाला ते चांगलं. टिगचा (एका हातात टंगस्टनच्या टोकाची टॉर्च, दुसऱ्या हातात भरायची सळई) सांधा सुंदर आणि मऊ येतो, नंतर हातोडीने सरळही करता येतो. मात्र दोन्ही हात गुंततात, पत्रा अगदी स्वच्छ लागतो, आणि गाडीखाली उताणं पडून ते करणं अवघड जातं. जुन्या डेंटरांची ऑक्सि-अ‍ॅसिटिलिन गॅस वेल्डिंग ही मोठी कला आहे, पण तिची उष्णता फार पसरते, मोठा सपाट पत्रा लाटतो, म्हणजे त्याला लाटा पडतात. शिवाय घरात अ‍ॅसिटिलिनचा सिलिंडर ठेवणं टाळलेलंच बरं.

मिगमध्ये वायर आपोआप पुढे येते, दुसरा हात मोकळा राहतो, आणि ट्रिगर सोडला की उष्णता त्याच क्षणी थांबते. पातळ पत्र्याला हीच गोष्ट वाचवते.

मशीनवर २०० अँपिअर लिहिलं आहे. एवढं लागतं का?

नाही. बॉडीचं बहुतेक काम ४० ते ७० अँपिअरवर होतं. म्हणून दुकानात वरचा आकडा विचारू नका, खालचा विचारा. मशीन ३०-४० अँपिअरपर्यंत खाली येऊन स्थिर चालत असेल तरच घ्या. काही स्वस्त मशीन ५० च्या खाली अडखळतात आणि मग प्रत्येक टाक्याला, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्याला, भोक पडतं.

व्होल्टेज आणि वायरचा वेग यांची बटणं वेगवेगळी असावीत. टॉर्च (हातात धरायची, ट्रिगर असलेली बंदूक) युरो कनेक्टरची, म्हणजे सुटी होणारी असावी, कारण लाइनर (वायर ज्यातून सरकते ती आतली नळी) आणि टॉर्च या झिजणाऱ्या वस्तू आहेत. पोलॅरिटी, म्हणजे टॉर्च धन टोकाला की ऋण टोकाला, ही बदलता यावी. आत पाच किलोचं रीळ बसत असेल तर वायर किलोमागे स्वस्त पडते. एक किलोची छोटी रिळं महाग असतात आणि सगळीकडे मिळत नाहीत.

कारखान्यातून निघालेलं जुनं, वजनदार ४०० अँपिअरचं मिग भंगाराच्या भावात मिळतं म्हणून मोहात पडू नका. ते तीन फेजवर चालतं, आणि त्याचा सर्वांत खालचा पॉइंटही बॉडीच्या पत्र्याला जड असतो.

घरच्या विजेवर चालेल का?

चालेल. ६० अँपिअर, १७ व्होल्ट म्हणजे सुमारे १ किलोवॅट आउटपुट. मशीनमधला अपव्यय आणि पॉवर फॅक्टर धरला तरी २३० व्होल्टवर ओढ ८ अँपिअरच्या आसपास राहते. १६ अँपिअरच्या सॉकेटवर, म्हणजे गिझरच्या पॉइंटवर, हे काम होतं. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर अजिबात जोडू नका.

पुढे जाड कामही करायचं असेल तर मेन बोर्डापासून ४ चौरस मिमी तांब्याची वेगळी लाइन ओढून घ्या, तिला स्वतंत्र एमसीबी लावा आणि अर्थिंग तपासून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. एक्स्टेन्शन लागलंच तर १० मीटरपर्यंत २.५ चौरस मिमी, त्यापुढे ४. गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल तापते आणि वितळते.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८०-१९० पर्यंत उतरतं. तेव्हा आर्क (वायर आणि पत्रा यांमध्ये पेटणारी विजेची ज्योत) मऊ पडतो, वायर पत्र्यावर ढकलली जाते, आणि सकाळी जमलेलं सेटिंग संध्याकाळी लागू पडत नाही. हाताला दोष देण्याआधी मीटर लावून व्होल्टेज बघा.

गॅस कोणता आणि किती पुरतो?

आर्गॉन ८० टक्के आणि कार्बन डायऑक्साइड २० टक्के हे मिश्रण पातळ पत्र्याला सर्वांत चांगलं. आर्क शांत राहतो, शिंतोडे कमी उडतात, सांधा चपटा बसतो.

नुसत्या सीओटूवरही काम होतं. तो स्वस्त असतो, पण जास्त खोल जातो आणि जास्त तडतडतो. फ्लोअर आणि आतल्या भागांना चालेल, बाहेरच्या मडगार्डला टाळा. शुद्ध आर्गॉन मात्र साध्या पोलादाला मिगवर नको. तो टिगसाठी असतो. मिगवर त्याने आर्क भटकतो आणि सांधा पत्र्यात न मुरता वर दोरीसारखा उभा राहतो.

दहा लिटर पाणी मावेल एवढा छोटा सिलिंडर १५० बारला भरला की त्यात सुमारे १५०० लिटर गॅस असतो. मिनिटाला १० लिटर धरले तर १५० मिनिटं. ही ट्रिगर दाबलेली मिनिटं आहेत. बॉडीच्या कामात ट्रिगर दर वेळी सेकंदभरच दाबला जातो, त्यामुळे एवढा गॅस कित्येक दिवस जातो. सीओटूच्या सिलिंडरचा काटा फसवतो. आत द्रव असेपर्यंत तो हलत नाही आणि मग एकदम पडतो, म्हणून तो सिलिंडर वजनावर मोजा.

प्रवाह मिनिटाला ८ ते १२ लिटर. ‘जास्त गॅस म्हणजे चांगला सांधा’ हा समज चुकीचा आहे. १८-२० वर नेला की गॅसमध्ये भोवरे उठतात आणि तोच गॅस बाहेरची हवा आत ओढतो. सिलिंडर भिंतीला किंवा ट्रॉलीला साखळीने बांधा.

गॅस न लागणारी फ्लक्सची वायर घेऊन सुरुवात केली तर?

करता येते, पण शिकणं अवघड होतं. ती जास्त तापते, धूर आणि शिंतोडे भरपूर उडतात, प्रत्येक टाक्यावरची कीट ठोकून काढावी लागते. उघड्यावर, वाऱ्यात, १.२ मिमीच्या वर तिचा उपयोग आहे. तिच्यासाठी टॉर्च ऋण टोकाला जोडतात, तर गॅसवर चालणाऱ्या भरीव वायरीसाठी धन टोकाला. हे उलटं राहिलं की आर्क फुटक-फुटक होतो. ‘मशीन खराब आहे’ म्हणून परत आणलेल्या कित्येक मशीनचा दोष एवढाच असतो.

वायर किती जाडीची?

ईआर७०एस-६ ही तांब्याचा मुलामा दिलेली भरीव वायर. ०.६ मिमी मिळाली तर पातळ पत्र्याला ती उत्तम, कारण कमी अँपिअरवर वितळते. आपल्याकडे ०.८ सगळीकडे मिळते आणि तिनेही बॉडीचं काम व्यवस्थित होतं. १.२ मिमी फॅब्रिकेशनची आहे, ती नको. टिप (टॉर्चच्या टोकाचा, वायर बाहेर पडते तो तुकडा), लाइनर आणि वायर ढकलणाऱ्या रोलरची खाच वायरीच्या मापाचीच हवी. टिपा दहाच्या पाकिटात घेऊन ठेवा.

मशीनशिवाय काय काय लागतं?

चार इंची ग्राइंडर, शक्यतो दोन. एकावर १ मिमीचं कटिंग व्हील, दुसऱ्यावर ६० किंवा ८० ग्रिटची फ्लॅप डिस्क. गार्ड काढून टाकू नका. पातळ व्हील फुटतं तेव्हा तुकडा नेमका तोंडाकडे येतो. पत्र्याची कात्री, व्हाइस ग्रिप निदान सहा, हातोडी-डॉलीचा (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) साधा संच, कारखान्यातले जुने स्पॉट वेल्ड सोडवायला ८ मिमीचा स्पॉट कटर, वायरचा कप ब्रश. तांब्याची जाड पट्टी, किंवा ठोकून चपटी केलेली तांब्याची नळी. जॅक-स्टँडच्या दोन जोड्या.

पत्रा धरायला चुंबक लोकप्रिय आहेत. ते सांध्यापासून लांब ठेवा, जवळ असले की आर्क एका बाजूला ओढला जातो.

नवा पत्रा कोणता घ्यायचा?

हार्डवेअरच्या दुकानात ‘सीआर पत्रा’ म्हणून मागा. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिमी. पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरच्या बाहेरच्या पत्र्याला आणि फ्लोअरला तो चालतो. मारुती ८०० सारख्या हलक्या गाडीच्या बाहेरच्या पत्र्याला २२ गेज. सिलच्या (दाराखालच्या पोकळ भागाच्या) आतल्या पट्ट्या, जॅकिंग पॉइंट, सीटचे आधार यांना १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिमी. अंदाजाने घेऊ नका. गाडीचा न सडलेला तुकडा कापून, रंग काढून, कॅलिपरने मोजा.

आठ बाय चारची २० गेजची शीट साधारण २१ किलो भरते. पहिल्या कामाला अर्धी पुरते.

जस्ताचा थर दिलेला जीआय पत्रा गंजत नाही म्हणून मोह होतो. वेल्डिंग करताना तेच जस्त उकळून वाफ होतं, सांध्यात छिद्रं पाडतं आणि छातीत जातं. सीआर पत्राच घ्या आणि गंजापासून राखण्याचं काम नंतर रंगाने करा.

गोलाई असलेले भाग हाताने घडवण्यापेक्षा भंगारातल्या त्याच मॉडेलच्या गाडीतून कापून आणणं नेहमी सोपं पडतं. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० दोन्ही २०१४ मध्ये बंद झाल्या. चांगला मडगार्ड दिसला तर गरज नसतानाही घेऊन ठेवा.

गाडीला हात लावण्याआधी किती सराव करावा?

गाडीला लागणार त्याच पत्र्याच्या ५ बाय १५ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. चाळीसेक तरी. क्रम असा ठेवा: आधी एका पट्टीवर नुसते टाके, मग दोन पट्ट्या एकावर एक ठेवून प्लग (वरच्या पट्टीला भोक पाडून ते वेल्डने भरणं), आणि शेवटी टोकाला टोक लावून सांधा. आडवा सांधा जमला की पट्टी शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) उभी धरून करा, मग डोक्यावर. फ्लोअरचं अर्धं काम खालूनच करायचं असतं.

प्रत्येक पट्टी तोडून बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग गाडीवर पस्तावतात. प्लगने जोडलेल्या दोन पट्ट्या शेगड्यात धरून छिन्नीने उचकटा. प्लग एका पत्र्याला चिकटून राहिला आणि दुसऱ्या पत्र्यातून गोल तुकडा फाडून निघाला, तर तो पास. सगळा प्लग अलगद सुटून आला आणि खाली चकचकीत पत्रा दिसला, तर वेल्ड नुसता वर बसला होता. टोकाला टोक सांध्याची पट्टी सांध्यावरच दोन्हीकडे वाकवा. तडा गेला नाही पाहिजे.

सेटिंग कसं लावायचं?

०.८-०.९ मिमी पत्रा आणि ०.८ वायर असेल तर १६ ते १७ व्होल्ट आणि वायरचा वेग मिनिटाला सुमारे ३ मीटर इथून सुरुवात करा. टिपेपासून पत्र्यापर्यंत वायर ८ ते १० मिमी बाहेर. पुढचं कानाने ठरवा. योग्य सेटिंगला कढईत मोहरी तडतडावी तसा एकसारखा आवाज येतो. वायर पत्र्याला टेकून टॉर्च मागे ढकलत असेल तर वेग जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी. वायर पत्र्यापर्यंत न पोचता टोकाला गोळा होऊन ठिबकत असेल तर उलट.

एका वेळी एकच बटण फिरवा. जमलेलं सेटिंग पत्र्याच्या जाडीसह मशीनवर मार्करने लिहून ठेवा.

सडलेला पत्रा किती कापायचा?

वाटतो त्यापेक्षा जास्त. रंगावर रुपयाएवढा फोड दिसतो तेव्हा आतल्या बाजूने गंज तळहाताएवढा पसरलेला असतो. कप ब्रशने खरवडा, टोकदार हातोडीने ठोका. टणक आवाज येतो तो पत्रा राहतो, बद आवाज येतो तो जातो. गंजाचे खड्डे पडून पातळ झालेल्या पत्र्यावर टाका मारला की तो विरघळतो. भोक भरायला जाल तर शेजारी दुसरं पडतं. असं तीनदा झालं की समजा, कड अजून निरोगी पत्र्यापर्यंत पोचलेली नाही.

कोपरे गोल कापा. चौकोनी कोपऱ्यात उष्णता साठते आणि तडाही तिथूनच सुरू होतो. मोठा तुकडा एकदम कापू नका. एक भाग कापा, भरा, मग पुढचा.

सडक्या पत्र्यावर नवा पत्रा थापून कडेने वेल्ड मारण्याची पद्धत सर्रास चालते. दोन थरांमध्ये ओल अडकते. कोकण किनाऱ्यावर, खाऱ्या हवेत, असं ठिगळ दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा फुगतं. या कामात टाळावी अशी एकच गोष्ट सांगायची झाली तर ती हीच.

टोकाला टोक, पायरी, की प्लग?

जिथे दोन्ही बाजू दिसतात किंवा बाहेरचा गुळगुळीत पत्रा आहे तिथे टोकाला टोक. फट साधारण वायरीच्या जाडीएवढी, ०.८ ते १ मिमी. दोन्ही कडा घट्ट भिडवल्या तर आकसताना पत्रा एकमेकांवर चढतो, आणि २ मिमी फट ठेवली तर आर्कला टेकायला जागाच राहत नाही.

फ्लोअरला पायरी करून एकावर एक सांधा चालतो. पायरी पाडायचा पक्कड मिळतो, तो घ्या. खालच्या बाजूने सीलर मात्र भरायचाच.

कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे प्लग. वरच्या पत्र्याला ५-६ मिमीची भोकं, १.२ च्या वर जाड असेल तर ८ मिमी. दोन भोकांतलं अंतर मूळ स्पॉटएवढंच ठेवा, साधारण ३ ते ४ सेंटिमीटर. दोन्ही पत्रे ग्रिपने इतके दाबा की मधून कागद जाऊ नये. आर्क भोकाच्या मध्यभागी, खालच्या पत्र्यावर लावा आणि गोल फिरवत कडेपर्यंत या. कडेवर सुरू केलात तर वरचा पत्रा वितळून भोक भरलेलं दिसतं, पण खाली काहीच चिकटलेलं नसतं.

पत्रा लाटतो, वाकतो. काय चुकतं?

घाई. पूर्ण उत्तरासाठी कारण समजून घ्यायला हवं.

तापलेला पत्रा फुगतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. थंड होताना तो आकसतो आणि आता मूळच्यापेक्षा आखूड असतो. सांध्याच्या रेषेत पत्रा कमी पडला, बाजूला तेवढाच राहिला, की लाट उठते. तेव्हा उपाय दोनच. एक, कमी तापवा. दोन, जे आकसलं ते ठोकून परत लांब करा.

कमी तापवण्याची रीत अशी. कडांच्या दोन्ही बाजू, आतून आणि बाहेरून, २५ मिमीपर्यंत चकचकीत करा. तुकडा ग्रिपने धरा. पहिला टाका मध्यावर, मग दोन टोकांना, मग प्रत्येक फटीच्या मध्ये, असं करत दर २५ मिमीला एक टाका येऊ द्या. ट्रिगर अर्धा ते एक सेकंद. प्रत्येक टाक्यानंतर लांब उडी मारा, शेजारचा टाका लगेच मारू नका. आधीच्या टाक्याला उघड्या बोटाने स्पर्श करता येईल इतका तो निवाला पाहिजे. पुढच्या फेरीत मधल्या जागा भरा, तिसरीत उरलेल्या. तीस सेंटिमीटरचा सांधा असा पूर्ण व्हायला तास-दीड तास लागला तर तो योग्य वेग आहे. सलग ओळ ओढायची नाही, ती जाड पत्र्याची पद्धत आहे.

थांबायला नको म्हणून ओलं फडकं फिरवण्याची सवय लागते. त्यापेक्षा गाडीच्या दुसऱ्या टोकाचं काम हाती घ्या.

ठोकण्याची रीत: दर फेरीनंतर टाक्यांचे उंचवटे पातळ डिस्कने उतरवा, मागे डॉली धरा आणि सांध्यावर हलक्या हातोडीने ठोका. दबलेला सांधा पसरतो आणि लाट बसत जाते. ग्राइंडरही सलग टेकवून ठेवू नका. निळा पडलेला पत्रा म्हणजे वेल्डिंगएवढीच उष्णता पुन्हा दिली. बॉनेट, छत, दाराचा मोठा सपाट भाग हे सर्वांत शेवटी शिका. सुरुवात फ्लोअरपासून करा. तिथल्या चुका गालिचाखाली जातात.

टाका मारला की भोकच पडतं.

मागे तांब्याची पट्टी घट्ट दाबून धरा. तांबं उष्णता ओढून घेतं, आणि पोलादाची वायर त्याला चिकटत नाही. भोकाच्या कडेवर एक छोटा टाका, थांबा, लाली जाऊ द्या, मग त्या टाक्यावरून पुढचा. आर्क नेहमी आधीच्या टाक्याच्या जाड धातूवर पेटवा, उघड्या पातळ कडेवर नाही.

वेल्डमध्ये छिद्रं, शिंतोडे, अडकणारी वायर. कशाने?

सांधा स्पंजसारखा दिसत असेल तर गॅस पोचत नाही. सिलिंडर उघडा आहे का, नोझल शिंतोड्यांनी बुजलं आहे का, पंखा चालू आहे का, दारातून वारा येतो का, हे आधी बघा. नंतर मागच्या बाजूचा रंग, गंज, डांबरी अंडरकोटिंग. पुढची बाजू आरशासारखी घासली आणि मागे डांबर तसंच राहिलं, तर त्याचा धूर सांध्यातूनच वर येतो.

आर्क फुटक-फुटक होतो, एकदा जमतो एकदा नाही: दोष अर्थिंगच्या चिमट्याचा, म्हणजे मशीनकडून येऊन गाडीच्या पत्र्याला लावायच्या क्लॅम्पचा. तो रंगावर, गंजावर किंवा बिजागरीपलीकडे लावलेला असतो. कामाच्या जागेपासून हातभर अंतरावर पत्रा घासून लावा.

रोलरपाशी वायरीचा गुंता होत असेल तर टिप बुजलेली असते किंवा लाइनरमध्ये कचरा असतो, आणि वर रोलर फार घट्ट केलेला असतो. हातमोजा घालून वायर बोटांत धरली तर रोलर घसरावा, इतपतच दाब हवा. टॉर्चची केबल वेटोळी न ठेवता सरळ ठेवा.

सिल आणि चॅसीसारखे भाग घरी करावेत का?

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, मारुती ८०० या तिन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी फ्रेम नाही. बॉडीच चॅसी आहे, आणि दाराखालचं सिल म्हणजे तिचा कणा. दोन्ही सिलं एकदम कापली की गाडी मधून खचते. दारं लागत नाहीत, आणि ते पुन्हा सरळ होत नाही.

कापण्याआधी दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहा. दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइपचा तिरपा आधार टाक्यांनी बसवा. गाडीचं वजन सस्पेन्शनवर, चाकांच्या जागी घ्या, सडलेल्या जॅकिंग पॉइंटवर नाही. एका बाजूचं पूर्ण करा, दार लावून बघा, मगच दुसरी.

स्टीअरिंग बॉक्स, सस्पेन्शन आणि सीट बेल्टचे पॉइंट पहिल्या वर्षी स्वतः करू नका. पत्रा कापणं, साफ करणं, तुकडा घडवून बसवणं हे तुम्ही करा आणि शेवटचा वेल्ड अनुभवी माणसाकडून मारून घ्या. त्यात कमीपणा काही नाही, आणि मजुरीही बरीच वाचते.

आगीचं काय?

आधी पेट्रोलची टाकी काढून कामाच्या जागेपासून दूर न्या. ‘टाकी रिकामी आहे’ हा दिलासा नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त स्फोटक असते. टाकीलाच वेल्डिंग करायचं असेल तर ते घरचं काम नव्हे. सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर ते जाणकाराकडून सिलिंडरसह उतरवून घ्या.

मग सीट, गालिचे, छताचं कापड, डांबरी पॅड आणि पत्र्यामागून जाणाऱ्या वायरी व पेट्रोलची नळी काढा. ठिणगी पोकळ सिलमध्ये शिरून तिसऱ्याच ठिकाणी पेटवते. काचा आणि रंगीत भाग जाड गोणपाट ओलं करून झाका, काचेवर उडालेल्या ठिणग्यांचे खड्डे कायमचे राहतात. कोरड्या पावडरचं अग्निशामक आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. दुसरा माणूस पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला बसलेला असावा, कारण मास्कमधून वेल्ड करणाऱ्याला आग दिसत नाही. काम संपल्यावर तासभर गाडी सोडून जाऊ नका.

डोळे, धूर आणि दूध

ऑटो-डार्क मास्क, शेड १०. गॉगल लावून, मान वळवून ‘एकच टाका’ मारला तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बघायला उभ्या असलेल्या मुलांनाही तेच. त्यांना लांब ठेवा. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. पायात चामड्याचे बूट. गाडीखाली काम करताना कानात बोळे घाला, ठिणगी कानात पडते.

जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायलं की धूर बाधत नाही, असं वर्कशॉपमध्ये सांगतात. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. उपाय म्हणजे जस्त घासून काढणं, मोकळी हवा आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क.

पत्रा पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. आर्कच्या उष्णतेने त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू बनतो. थिनरने पुसा, पूर्ण सुकू द्या, आणि डबा बाहेर ठेवून या.

बॅटरी काढावी लागते का?

हो, आधी ऋण टोक. अल्टरनेटरच्या वायरीही सोडा. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरही काढा.

पावसाळ्यात काम करावं का?

कापलेला उघडा पत्रा हवेतल्या दमटपणाने रात्रभरात तांबूस होतो, म्हणून कापणं आणि भरणं एकाच दिवशी जमेल एवढाच भाग हातात घ्या. वायरीचं रीळ मशीनमध्ये ठेवू नका; सिलिका जेलची पुडी घालून पिशवीत बांधा, कारण गंजलेली वायर लाइनर खाते. ओल्या जमिनीवर, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी काम नको. रबरी चटई किंवा कोरडी फळी घ्या.

आधी कुणीतरी पितळेने जोडलेलं आहे. त्यावर मिग चालेल?

नाही. पितळ वेल्डमध्ये मिसळलं की सांधा ठिसूळ होतो, छिद्रं पडतात, जस्ताचा धूरही येतो. पितळ लागलेली सगळी पट्टी कापून काढा.

वेल्ड झाल्यावर गंज पुन्हा लागू नये म्हणून?

वेल्डची मागची बाजू ही पहिली गंजणारी जागा, आणि नेमकी तीच विसरली जाते. सांधा घासा, थिनरने पुसा, त्याच दिवशी टू-पॅक इपॉक्सी प्रायमर लावा. नुसत्या रेड ऑक्साइडवर सोडू नका, ते ओल शोषतं. पॉलिएस्टर पुट्टीही उघड्या पत्र्यावर पाणी पिते, म्हणून ती इपॉक्सीवर लावा आणि २ मिमीच्या आतच ठेवा. त्याहून जास्त लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिला आहे. मग सांध्यांवर सीम सीलर, खाली अंडरकोटिंग, आणि सगळा रंग झाल्यावर सिल-दारांच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स. सिलखालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

कापाकापीने कागदपत्रांना अडचण येते का?

चॅसी नंबर कोरलेला पत्रा कापू नका, घासू नका, त्यावर पुट्टी भरू नका. काम सुरू करण्याआधी त्याचा पेन्सिलने ठसा आणि फोटो घेऊन ठेवा. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर बॉडी मूळ रूपात असावी लागते. आकार बदलणारं काही करू नका, आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्याचा, त्याच्या जागी बसवलेल्या पत्र्याचा फोटो तारखेसह जपून ठेवा.